परलोकांतील हिशेब

स्वर्ग आणि नरक या दोन शब्दांचा सुशिक्षित समाजांत आज फारसा विचार होत नाहीं. घरांत कोणी वारलें म्हणजे दहा दिवस गरुडपुराण लावावयाचें, त्यांतील नरकांचीं वर्णनें खालीं मान घालून ऐकावयाचीं, आणि तेरावा उरकला कीं तें सर्व विसरून कामाला लागावयाचें, असा आपल्याकडील पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. परंतु स्वतःच्या परलोकाविषयीं जे इतके उदासीन, ते दुसऱ्याच्या परलोकाविषयीं मात्र मोठ्या आत्मविश्वासानें बोलतात. मुसलमानांची जन्नत म्हणजे दुधामधाच्या नद्या आणि हूर, त्यांचें जहन्नम म्हणजे कधींही न विझणारी आग. अर्थात् त्या धर्माची नीति लालूच आणि धाक यांवर उभारलेली आहे, हा अभिप्राय आम्हीं महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खोलींत, आगगाडींत आणि लग्नाच्या पंगतींत अनेक वेळां ऐकला आहे. हा अभिप्राय कितपत खरा आहे, आणि त्याच्या पोटीं सर्वच धर्मांना लागू पडणारा जो प्रश्न आहे, कीं फळाच्या आशेनें किंवा शिक्षेच्या भयानें केलेलें सत्कृत्य हें सत्कृत्य म्हणावें कीं नाहीं, त्याचें उत्तर काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ही कल्पना मुळांत काय आहे तें पाहूं. इस्लामच्या मतें मृत्यु हा शेवट नव्हे आणि पुनर्जन्माचें दारही नव्हे. मनुष्य या पृथ्वीवर एकदांच येतो, एकदांच जातो, आणि मरणापासून कयामतीपर्यंत बर्जख नांवाच्या मधल्या अवस्थेंत राहतो. कबरींत मुनकर व नकीर हे दोन फिरिस्ते त्याला त्याच्या श्रद्धेविषयीं प्रश्न विचारतात. कयामतीच्या दिवशीं सर्व मृत पुन्हां उठतील. प्रत्येकाचीं बरींवाईट कृत्यें आयुष्यभर टिपून घेणाऱ्या दोन फिरिस्त्यांची वही उघडली जाईल. मीजान म्हणजे तराजू मांडला जाईल, आणि कणभर पुण्य असो कीं कणभर पाप असो, तें करणाऱ्याच्या दृष्टीस पडल्यावांचून राहणार नाहीं. जहन्नमावरून गेलेला सिरात नांवाचा पूल ओलांडून पुण्यवान् जन्नतेंत जातील. जहन्नमाला सात दरवाजे आहेत असें कुराणांत आहे. जन्नतेला आठ असल्याचें हदीसांत सांगितलें आहे. या दोहोंच्या मध्यें आराफ नांवाची एक उंच जागा असून तेथें उभे असलेले लोक दोन्हीकडे पाहत असतात. ते कोण याविषयीं भाष्यकारांत मतभेद आहेत. ज्यांचें पाप व पुण्य समसमान भरलें ते हे, असें पुष्कळांचें म्हणणें आहे.

चित्रगुप्ताची वही ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांना यांत अपरिचित असें थोडेंच वाटेल. मोठा फरक एवढाच, कीं आपल्या स्वर्गांतून पुण्य संपतांच आणि नरकांतून पाप फिटतांच पुन्हां मृत्युलोकीं यावें लागतें. येथें परतीची वाट नाहीं. एकच आयुष्य आणि त्याचा एकच हिशेब, यामुळें या कल्पनेला एक प्रकारची निकड आलेली आहे.

ही निकड ग्रंथ वाचून आम्हांला जितकी कळली त्याहून अधिक एका गांवीं कळली. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला, आष्टी तालुक्यांत, अहिल्यानगरहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडा हें बाजारपेठेचें गांव आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यांत होता आणि उर्दू ही तेथील राजभाषा होती. वारकरी शेतकरी, जैन व्यापारी आणि मुसलमान कारागीर व दुकानदार हे या बाजारांत एकमेकांना लागून बसतात. श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ ही तेथील नांवाजलेली शिक्षणसंस्था जैनांची असली तरी तिच्या वर्गांतून सर्वांचीं मुलें शिकतात. आतां या तिघांचेही परलोक निराळे. पुराणांतील नरक अठ्ठावीस. जैनांच्या मतें एकाखालीं एक अशा सात नरकभूमि असून तेथील आयुर्मर्यादा कल्पनातीत दीर्घ असली तरी तिला शेवट आहे. मुसलमानांचें जहन्नम वर सांगितलेंच आहे. बाजारांत यांवर कोणी वाद घालीत नाहीं. वाद होतो तो उधारीवर. आणि या उधारीची भाषा पाहिली तर ती तिघांची एकच आहे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, कर्ज, हक्क हे सारे शब्द मूळ अरबी असून फारसीच्या मार्गानें मराठींत आले व घरचेच झाले. मुसलमानी धर्मशास्त्रांत न्यायाच्या दिवसाला जें नांव आहे त्यांतही हाच शब्द आहे: हिसाबाचा दिवस. कड्याच्या दुकानदाराच्या वहींत जो शब्द रोज लिहिला जातो, तोच कुराणांत परलोकाचें दार उघडतो. हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे, हें पुढें दिसून येईल.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा, कीं ही जन्नत फार ऐहिक आहे. जन्नत या अरबी शब्दाचा अर्थच मुळीं बाग असा आहे. खालून वाहणारें पाणी, दाट सावली, हातीं येणारीं फळें, न नासणारें दूध, निर्मळ मध, अशी ही बाग कुराणांत वारंवार येते. ज्यांच्या घरांत तोटी फिरवितांच पाणी येतें त्यांना हें चित्र बालिश वाटतें. परंतु आष्टी तालुका पर्जन्यछायेचा आहे. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली आणि हंडाभर पाण्यासाठीं कोसभर पायपीट केली, त्यांना वाहतें पाणी हें परमसुखाचें चिन्ह कां व्हावें, हें समजावून सांगावें लागत नाहीं. अरबस्तानच्या वाळवंटांतील श्रोत्यांनाही तें सांगावें लागलें नसेल. ज्या भूमींत जें दुर्मिळ तेंच तेथील स्वर्गांत विपुल असतें. हिमालयापलीकडील थंड मुलुखांत धर्म निघाला असता तर त्याच्या स्वर्गांत ऊब असती.

शिवाय ही चित्रें चित्रें म्हणूनच घ्यावयाचीं आहेत, हें जाणणारे लोक इस्लामांत पहिल्यापासून आहेत. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचें म्हणून एक मत परंपरेनें जतन केलें आहे, कीं जन्नतेंतील वस्तूंचा या जगांतील वस्तूंशीं नांवापुरताच संबंध आहे. कोणत्याही डोळ्यानें पाहिलें नाहीं, कानानें ऐकलें नाहीं व मनांत आलें नाहीं असें कांहीं तेथें ठेवलें आहे, असा हदीसांतही आशय आहे. कुराणांतच जन्नतेच्या बागांचें वर्णन करून झाल्यावर ईश्वराची प्रसन्नता ही या सर्वांहून मोठी, असें सांगितलें आहे. उलटपक्षीं, हें सर्व निव्वळ रूपक समजावें काय, यावर तेथें मोठें रण माजलें. इब्न सीना यांच्यासारख्या तत्त्ववेत्त्यांनीं शरीराच्या पुनरुत्थानाला गौण ठरविलें, तेव्हां इमाम गजाली (१०५८–११११) यांनीं त्यांच्यावर कडक टीका केली. आणि पुढें स्पेनमधील इब्न रुश्द (११२६–११९८) यांनीं गजालींना उत्तर दिलें. जो समाज आपल्या स्वर्गाविषयीं शतकानुशतकें असा वाद करतो, त्याला त्या स्वर्गांत केवळ खाणेंपिणें दिसत होतें असें म्हणणें हें अज्ञानाचें लक्षण होय.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्वर्ग कितीही सूक्ष्म मानला तरी तो मिळावा म्हणून केलेलें पुण्य हा व्यापारच नव्हे काय? हा प्रश्न इस्लामांतील साधुसंतांनींही स्वतःला विचारला आहे. हजरत अली यांच्या नांवावर एक वर्गीकरण आहे: आशेनें भक्ति करणारे ते व्यापारी, भीतीनें करणारे ते गुलाम, आणि कृतज्ञतेनें करणारे तेच स्वतंत्र. बसऱ्याची संत राबिया (मृत्यु ८०१) हिच्याविषयीं कथा अशी, कीं एका हातांत जळता पलिता व दुसऱ्या हातांत पाण्याचें भांडें घेऊन ती रस्त्यानें धांवत निघाली; कां म्हणून विचारतां जन्नतेला आग लावावयाची आणि जहन्नम विझवावयाचें आहे, म्हणजे लोक ईश्वराला ईश्वर म्हणूनच भजतील, असा तिनें खुलासा केला. कड्यापासून फार दूर नसलेल्या नेवाशास १२९० मध्यें ज्ञानेश्वरींतही हाच विचार निराळ्या वाटेनें आला आहे; ईश्वराला सोडून स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायांत पापाच्याच पंक्तीला बसविलें आहे. आणि महाभारताच्या शेवटीं, भाऊ जेथें आहेत तोच माझा स्वर्ग, म्हणून नरकांत राहावयास तयार झालेला युधिष्ठिर आपणां सर्वांना ठाऊक आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें अठराव्या शतकांत फलेच्छा सोडून कर्तव्यासाठीं केलेल्या कर्मालाच नैतिक मूल्य दिलें; पण त्यालाही १७८८ च्या ग्रंथांत आत्म्याचें अमरत्व आणि ईश्वर हीं दोन गृहीतें धरावीं लागलीं, कारण सदाचार आणि सुख यांची गांठ या जगांत पडतेच असें नाहीं.

येथवर विचार पुष्कळांनीं केला आहे. निष्काम तो श्रेष्ठ आणि सकाम तो कनिष्ठ, असा निकाल देऊन मोकळें होण्याचा मोह आपणांस होतो. परंतु आमच्या मतें या निकालांत एक गोष्ट निसटून जाते. राबिया आणि युधिष्ठिर यांचा प्रश्न हा सत्कृत्य करणाऱ्याच्या मनाच्या शुद्धीचा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचें काय, हा प्रश्न त्यांत येत नाहीं. पुण्य करणाऱ्याला बक्षिस मिळालें नाहीं तर त्यानें तें सोसावें, हें ठीक. पण जो लुबाडला गेला त्यानें निष्काम व्हावें, असें त्याला सांगण्याचा अधिकार लुबाडणाऱ्याला कोणी दिला? परलोकाच्या कल्पनेचें खरें मर्म आम्हांला येथें दिसतें, आणि तें इस्लामइतक्या स्पष्टपणें फार थोड्या ठिकाणीं मांडलेलें आहे.

मुसलमानी शास्त्रांत कर्तव्यांचे दोन भाग केले आहेत: अल्लाचे हक्क आणि बंद्यांचे म्हणजे माणसांचे हक्क. नमाज चुकला, रोजा मोडला, तर तो अपराध ईश्वराचा. ईश्वर दयाळू आहे, पश्चात्ताप केल्यास तो क्षमा करील. परंतु दुसऱ्या माणसाचा पैसा बुडविला, निंदा केली, हात उगारला, तर त्याची क्षमा त्या माणसापाशींच मागावयाची. एका हदीसांत पैगंबर विचारतात, कीं खरा दिवाळखोर कोण? ज्याच्यापाशीं पैसा नाहीं तो, असें उत्तर येतें. त्यावर ते समजावितात, कीं कयामतीच्या दिवशीं नमाज, रोजे व जकात यांची भली मोठी शिल्लक घेऊन जो आला, पण ज्यानें कोणाला शिव्या दिल्या, कोणाचें धन खाल्लें, कोणाचें रक्त सांडलें, तो खरा दिवाळखोर. कारण त्याचें पुण्य एकेका धनकोला वांटून दिलें जाईल, आणि तें संपल्यावर त्यांचीं पापें याच्या खात्यावर चढविलीं जातील. ईश्वराच्या मार्गांत ज्यानें प्राण दिले त्याचे सर्व अपराध माफ होतात, पण कर्ज माफ होत नाहीं, असेंही एक हदीस आहे. मरण पत्करलें कीं जन्नत ठरलेली, असें सांगून तरुणांना निरपराध्यांच्या रक्ताकडे नेणाऱ्यांनीं आणि तेवढ्यावरून सर्व धर्म ओळखणाऱ्यांनीं, दोघांनींही हें हदीस लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एका मयताच्या अंगावर कर्ज आहे असें कळतांच पैगंबर त्याच्या जनाज्याची नमाज पढविण्यास राजी झाले नाहींत. अबू कतादा या सोबत्यानें तें कर्ज आपल्या अंगावर घेतलें, तेव्हां ती पढविली गेली, अशी हकीकत आहे.

या हकीकतीचें जिवंत रूप आम्हीं कड्यास पाहिलें आहे. तें एखाद्याच गांवाचें नव्हे. मुसलमानांची वस्ती आहे तेथें पुष्कळ ठिकाणीं तो रिवाज आहे. जनाजा नमाजासाठीं ठेवला कीं मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढें होऊन जमलेल्यांना सांगतो, कीं यांचें कोणाचें देणें राहिलें असेल तर तें आम्हांकडून घ्यावें. कोणाचें मन दुखविलें असेल तर माफ करावें. या बाजारपेठेंत मयताला आलेल्यांपैकीं निम्मे लोक हिंदु व जैन असतात, आणि ही विनंति त्यांनाही उद्देशून असते. क्षणभर सारे गप्प होतात. देण्याघेण्याच्या गोष्टी मृत्यूच्या दारांत काढणें हें आपल्या संस्कारांना ओशाळें करणारें. आम्हांलाही प्रथम तें चमत्कारिक वाटलें. विचार केल्यावर कळलें, कीं जन्नत आणि जहन्नम या दोन शब्दांचें याहून चांगलें भाष्य कोणत्याही ग्रंथांत मिळणार नाहीं. ज्याला उद्यां ईश्वरापुढें उभें राहावयाचें आहे, तो आज शेजारच्या किराणा दुकानदाराची परवानगी मागत आहे.

कुराणांत जहन्नमाचे अधिकारी म्हणून ज्यांचीं चित्रें रेखाटलीं आहेत तींही याच दृष्टीनें पाहावीं. एका लहानशा सूरेंत, लोकांची निंदा करणारा आणि धन मोजमोजून सांठविणारा मनुष्य येतो. त्याला जी आग भेटते ती थेट काळजाला जाऊन भिडणारी आहे. दुसरींत, न्यायाचा दिवस खोटा मानणारा कोण, तर जो पोरक्याला हुसकून देतो तो, अशी व्याख्या आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री आगींत गेली आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरींतील पाणी पाजणारी वेश्या क्षमेला पात्र झाली, या हदीसांतील गोष्टी प्रसिद्धच आहेत. मजुराकडून काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध त्या दिवशीं फिर्यादी स्वतः ईश्वर असेल, असेंही तेथें बजावलें आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दरसाल पावसाळा संपला कीं या भागांतून मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. त्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहींत असतो, आणि तो नेहमींच मजुराला समजतो असें नाहीं. अशा माणसाला, वरती आणखी एक वही आहे आणि तींत खाडाखोड होत नाहीं, असें कोणी सांगितलें तर तें त्याला दाखविलेलें आमिष आहे काय? तें त्याच्या हक्काचें स्मरण आहे. आणि मुकादमाला वाटणारें भय हें भ्याडपणाचें भय नव्हे. ऋणको असल्याची ती जाणीव आहे.

परंतु या कल्पनेची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. हिशेब जर इतका न्यायाचा, तर मर्यादित आयुष्यांतील पापाला अमर्याद शिक्षा कशी? आणि सज्जन असूनही जो मुसलमान नाहीं त्याचें काय? कडव्या मतानें या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें कठोर दिलीं आहेत, आणि तीं आजही देणारे आहेत. जनाज्याच्या वेळीं ज्याच्याकडून माफी मागावयाची, तोच शेजारी उद्यां केवळ श्रद्धेच्या भेदामुळें आगींत जाणार असेल, तर त्या माफीला अर्थ काय राहिला? हा प्रश्न आमच्या मतें त्या धर्माच्या विचारवंतांना आंतून सोडविल्यावांचून गत्यंतर नाहीं; आणि त्यांनीं तो सोडविण्याचा प्रयत्न केलेला आहे. दमास्कसचे इब्न तैमिया (मृत्यु १३२८) व त्यांचे शिष्य इब्न अल्-कय्यिम (मृत्यु १३५०), जे इतर बाबतींत कडक म्हणून ओळखले जातात, त्यांनीं ईश्वराची दया त्याच्या कोपाहून व्यापक आहे या आधारावर जहन्नमालाही शेवट असावा या मताची बाजू मांडली. गजालींनीं असें प्रतिपादिलें, कीं ज्यांच्यापर्यंत इस्लामचा संदेश पोंचलाच नाहीं, किंवा विकृत रूपांत पोंचला, ते लोक ईश्वरी दयेच्या कक्षेंत येतात. महंमद इक्बाल यांनीं १९२९ च्या जानेवारींत मद्रास व हैदराबाद वगैरे ठिकाणीं दिलेल्या व १९३० मध्यें ग्रंथरूपानें निघालेल्या व्याख्यानमालेंत, स्वर्ग व नरक हीं स्थळें नसून अवस्था आहेत आणि नरकाचा हेतु सूड नसून सुधारणा आहे, असें मांडलें.

आणि ज्यांना पंडितांपेक्षां संत जवळचे वाटतात, त्यांनीं याच आष्टी तालुक्याकडे पाहावें. शेख महंमद यांचें मूळ गांव तालुक्यांतील वाहिरें, असें परंपरा मानते. त्यांची समाधि शेजारच्या श्रीगोंद्यास आहे. जन्मानें मुसलमान असलेल्या या संतानें १६४५ मध्यें मराठी ओवींत 'योगसंग्राम' पूर्ण केला. आत्म्याचें मनोविकारांशीं चाललेलें युद्ध हा त्याचा विषय आहे. त्यांच्या दारीं हिंदु व मुसलमान दोघेही गेले आणि आजही जातात. परलोकांत यांची वांटणी कशी करावी, असा विचार त्यांच्या भक्तांच्या मनांत कधीं आला असेल असें वाटत नाहीं.

शेवटीं आमच्यासारख्या, परलोकाविषयीं खात्रीनें कांहींच न सांगूं शकणाऱ्या सुशिक्षितांविषयीं दोन शब्द. स्वर्गाची लालूच आणि नरकाचें भय सोडून दिल्यामुळें आपण अधिक निष्काम झालों, अशी आपली समजूत आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे. मोलकरणीचा खाडा कापतांना, भावाच्या वाट्याची जमीन दाबतांना, अनुपस्थित माणसाची चेष्टा करतांना आपल्या मनाला जी स्वस्थता असते ती निष्कामतेची कीं धनको विसरल्याची? वरची वही नाहीं असें ठरलें, तर त्यानें देणें फिटत नाहीं. वसुलीला दुसरी तारीख उरली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ होतो. श्रद्धावान् मुसलमानालाही त्याचें शास्त्र हेंच सांगतें, कीं माणसाचें देणें तेथें फेडणें फार महाग पडेल, तें येथेंच फेडून ये. श्रद्धा असो वा नसो, दोघांनाही मिळालेली मुदत एवढ्याच आयुष्याची आहे, आणि जनाज्यापुढें उभ्या राहिलेल्या मुलावर आपल्या बापाचें देणें विचारण्याची पाळी येऊं नये, ही काळजी ज्यानें जिवंतपणींच घेतली त्याला परलोकाचा अर्थ कळला असें आम्ही समजतों.